शेजारधर्म आणि राष्ट्राचे सामर्थ्य

१४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीने केलेल्या ठरावातील, इंग्रजी राज्य संपले पाहिजे, ही मागणी शाळेतील मुलासही ठाऊक असते. आमची सावंगी (मेघे) वर्ध्याच्या अगदी शेजारी. तरी त्याच ठरावातील दुसऱ्या एका भागाचा उच्चार आमच्याकडेही क्वचितच होतो. जपानचे आक्रमण थोपविण्यासाठी व चीनला साह्य करण्यासाठी दोस्तराष्ट्रांच्या फौजा हिंदुस्थानात राहू देण्यास त्यात संमती होती. परतंत्र राष्ट्राने आपल्या मुक्तीच्या मागणीतच शेजाऱ्याच्या रक्षणाचा विचार गोवावा, ही गोष्ट लहान नव्हे. ती केवळ वाणीही नव्हती. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टर धाडले होते. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर व सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले.

यावर कोणी विचारील, याचे फळ काय मिळाले? १९५४ साली पंचशील झाले आणि १९६२ साली त्याच चीनशी युद्ध झाले! आक्षेप खरा आहे. नुसत्या सद्भावाने सीमा राखली जात नाही. लगतचा राजा तो अरि आणि त्याच्या पलीकडचा तो मित्र, असे कौटिल्याने मंडल मांडले, ते उगाच नव्हे. परंतु संधी व विग्रह यांपासून सारखाच लाभ होत असेल तर संधीच करावा, कारण विग्रहात क्षय व व्यय आहेत, असेही तोच सांगतो. शास्त्राचे अर्धे वचन घेऊन अर्धे टाकणे बरे नव्हे.

बलाढ्य शेजाऱ्यापुढे सावधपणा हवा, तसा आपल्याहून लहान शेजाऱ्यापुढे संयम हवा. आमच्या भागात शेताच्या बांधास धुरा म्हणतात. धुऱ्याच्या वितभर जमिनीसाठी दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. भारत व बांगलादेश यांचा धुरा याहून किती गुंतागुंतीचा! १९७४ साली करार झाला, परंतु ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री तो पुरा झाला. भारताची १११ परिवेष्टित खेडी तिकडे गेली, त्यांची ५१ इकडे आली. १७,१६० एकर देऊन ७,११० एकर घेतले. त्यापूर्वी २०१४ साली वादग्रस्त समुद्राचा मोठा भाग लवादाने बांगलादेशास दिला, तोही भारताने मान्य केला. यात हानी झाली असे आम्हांस वाटत नाही. ज्यांस कोणतेच राज्य आपले म्हणत नव्हते, त्या हजारो माणसांस देश मिळाला.

उलट दाखलाही विसरू नये. १९८७ साली शांततेसाठी श्रीलंकेत गेलेली आपली सेना १९९० साली परतली, तेव्हा सुमारे १,२०० जवान कामी आले होते आणि कोणताच पक्ष संतुष्ट नव्हता. त्याच लंकेस २०२२ च्या दिवाळखोरीत भारताने सुमारे ४०० कोटी डॉलरांचे साह्य दिले. फौजेस जे साधले नाही, ते धान्य, इंधन व औषधे यांनी साधले.

१९८५ साली स्थापन झालेल्या सार्क संघाची शिखर परिषद २०१४ नंतर भरलेली नाही. दोघांच्या वैरापायी साऱ्यांची पंगत उठली. म्हणून १९९७ साली निघालेल्या बंगाल उपसागराच्या संघाकडे आता अधिक लक्ष आहे. पण संघाचे नाव बदलल्याने शेजारी बदलत नाही. १९९६ साली बांगलादेशाशी झालेल्या गंगाजल कराराची मुदत ३० वर्षांची, म्हणजे २०२६ च्या अखेरपर्यंतची. तिस्तेच्या पाण्याचा करार तर झालेलाच नाही. अर्थबळात भारताची गणना आज जगातील पहिल्या काही राष्ट्रांत होते. त्या बळाचे मोल परेडच्या रणगाड्यांवर जितके ठरेल, त्याहून अधिक ते उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या पाटात किती पाणी पोचते यावर ठरेल, असे आमचे मत आहे.