बस्त्याचा एक दिवस, अमरावतीच्या बाजारात

तुळशीचे लग्न लागले, की वऱ्हाडातील घराघरांत बस्त्याची बोलणी सुरू होतात. कापूस विकून हाती आलेला पैसा, दोन्हीकडच्या सोयऱ्यांनी मिळून ठरविलेला वार आणि मानपानाची लांबलचक यादी घेऊन दर्यापूर, मूर्तिजापूर, परतवाड्याकडील मंडळी अमरावतीत उतरतात. अकोल्यातही टिळक रोड, गांधी रोडवर दुकानांना तोटा नाही. तरी बस्ता म्हटला की तिकडच्याही अनेकांची पावले अमरावतीकडे वळतात. दिवस मात्र एकच असतो. दहा-बारा माणसांना पुन्हा एकत्र आणणे म्हणजे पुन्हा गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी. म्हणून घरून निघण्यापूर्वीच एक गोष्ट ठरलेली असावी: कापड शहरात घ्यायचे, की शहराबाहेर?

कारण आता अमरावतीत कापडाचे बाजार दोन आहेत. एक परकोटाच्या आतबाहेरचा, जवाहर रोडच्या अंगाने पसरलेला जुना बाजार. दुसरा नागपूर महामार्गावर नांदगावपेठेच्या बाजूला वसलेली बिझीलँड, सिटीलँड ही ठोक कापड संकुले. आहेराच्या चाळीस साड्या, टॉवेल-टोप्या, शर्ट-पँटचे जोड एकगठ्ठा घ्यायचे असतील तर महामार्गावरचा फेरा परवडतो. मात्र ठोक दुकानदार एक-दोन नग देईलच असे नाही. नवरीचा शालू, नवरदेवाचा पोशाख, विहिणीची साडी अशी निवडीची आणि मानाची खरेदी जुन्या बाजारात करणे शहाणपणाचे. तिथे रंग पसंत पडला नाही तर बदलून मिळण्याची बोली आधी करता येते, शिवाय पिको-फॉलची सोयही जवळच होते. दोन्हीकडे जायचेच असेल, तर यादी आधीच दोन भागांत फोडावी आणि दोन-तीन जाणत्यांनाच सकाळी महामार्गाकडे पाठवावे. सगळे वऱ्हाड दोन्हीकडे फिरविले, तर दुपारी तीनला यादी अर्धीच झालेली असते आणि उरलेली खरेदी थकलेल्या मनाने, मिळेल त्या भावात उरकली जाते.

बसस्थानक आणि रेल्वेस्थानक शहराच्या मध्यातच असल्याने राजकमल चौकापर्यंत पायीही जाता येते. अकोल्याहून मुंबई-हावडा मार्गावरील गाडीने येणाऱ्यांना बडनेऱ्याला उतरून पुढचे सुमारे दहा किलोमीटर अंतर कापावे लागते, तो वेळ हिशेबात धरावा. एसटीने येणाऱ्या महिलांना 2023 च्या मार्चपासून निम्मे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. बस्त्याला निघालेल्या गोतावळ्यात हा फरक थोडाथोडका नसतो.

राजकमल, जयस्तंभ चौक आणि मग जवाहर गेट ओलांडले, की बाजाराचे रूपच बदलते. रस्ते आखडतात, दुकाने दाटतात. हा दगडी परकोटच मुळी व्यापाऱ्यांसाठी उभा राहिला. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून येथील धनिक सावकारांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत 1807 मध्ये त्याचे काम हाती घेतल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. सुमारे साडेतीन किलोमीटरचा घेर, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. त्यांतील एका खिडकीला 1818 च्या रक्तपातावरून ‘खुनारी’ हे नाव पडले. बैलगाड्यांच्या काळात आखलेल्या या गल्ल्यांत चारचाकी नेण्याचा हट्ट धरू नये. वाहन बाहेर ठेवून सराफा आणि सक्करसाथ पायीच फिरावे.

सोन्याची खरेदी कापडाच्या आधी करावी, असा जाणत्यांचा सल्ला असतो आणि तो योग्यच आहे. कापडात हात सैल सुटला, की मंगळसूत्राचे वजन घटते. दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असणे 1 एप्रिल 2023 पासून बंधनकारक आहे. तो बिलाशी आणि मोबाइलवरील ‘बीआयएस केअर’ या अॅपवर ताडून पाहावा. सराफाला त्यात अवघड वाटण्याचे कारण नाही. मजुरी आणि घट किती धरली, हे बिलावर वेगळे लिहून घ्यावे. तयार कपड्यांच्या करातही सप्टेंबर 2025 पासून फरक पडला आहे. अडीच हजारांपर्यंतच्या नगावर पाच टक्के, त्यापुढच्या नगावर अठरा टक्के जीएसटी लागतो. शेरवानी किंवा घागऱ्याचा भाव ठरविताना तो करासह आहे की कराविना, हा प्रश्न आधी विचारावा, नंतर नाही.

दुपारी पाय आपोआप गांधी चौकातून अंबादेवीकडे वळतात. मंगलकार्याचे पहिले निमंत्रण देवीला, अशी इथली रीत आहे. रुक्मिणीचे हरण याच मंदिरातून झाल्याची आख्यायिका सांगितली जाते. बस्त्याच्या दिवशी ती आठवणारच. याच मंदिराच्या प्रवेशासाठी 1927 मध्ये अस्पृश्यांनी सत्याग्रहाची हाक दिली होती, हेही नव्या जोडप्याच्या कानावर पडलेले बरे.

जेवणाचा मोठा थाट या दिवशी नको. जड जेवणानंतर साड्यांचे रंग सारखेच दिसू लागतात. दुपारी सांबारवडी आणि कढी पुरे. (इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्या-मुंबईकडच्या सोयऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.) दह्या-चटणीत न्हालेला गिला वडा मात्र संध्याकाळसाठी राखून ठेवावा. अमरावतीत येऊन तो न खाता परतणारा विरळाच. लग्न वैशाखातले असेल, तर पारा पंचेचाळिशीकडे झुकण्यापूर्वी, दुपारी बारापर्यंत निवडीची खरेदी आटोपावी आणि उन्हाचे दोन-तीन तास सावलीत काढावेत.

परतताना गठ्ठे बांधून घेण्यापूर्वी प्रत्येक साडी उलगडून पाहावी, बिलाशी नग मोजावेत. शेवटच्या बसची वेळ मात्र सकाळी उतरल्याबरोबरच चौकशीच्या खिडकीवर विचारून घ्यावी. संध्याकाळी त्या खिडकीपुढे गठ्ठे घेऊन उभे राहिलेले अर्धे वऱ्हाड आपल्याच गावच्या बसची वाट पाहत असते.