पाहून घ्यावयाचा मासा

जव्हार तालुक्यातील जामसरसारख्या गावी एखाद्या शिक्षकाने वर्गात काचेची पेटी मांडून मुलांना मासे दाखवावयाचे ठरविले, तर त्याच्यापुढे पैशाच्या आधी वाटेचा प्रश्न उभा राहतो. जव्हारला रेल्वे नाही. शोभेच्या माशांची मोठी दुकाने नाशिकला किंवा मुंबईला. त्यांतले जवळचे नाशिकसुद्धा सुमारे 80 किलोमीटरवर, घाटरस्त्याने. अशा वेळी मोबाईलवर बोट टेकताच कोलकात्याचा किंवा चेन्नईचा मासा घरपोच येतो, असे कोणी सांगितले तर मोह पडणे स्वाभाविक आहे. परंतु ‘घरपोच’ हा शब्द कापडचोपडाला जितका शोभतो तितका जिवाला शोभत नाही.

पाठवणीपूर्वी माशाला एकदोन दिवस उपाशी ठेवतात, जेणेकरून वाटेत पाणी कमी नासावे. मग थोडे पाणी आणि वर प्राणवायू भरून प्लॅस्टिकची पिशवी बांधतात. बंद पिशवीत माशाच्या उत्सर्गातून अमोनिया साठत जातो. मात्र श्वासातल्या कर्बवायूने पाणी आम्लधर्मी होत असल्याने त्याचे विष तूर्त सौम्य राहते. पिशवी उघडली की कर्बवायू उडून जातो, आम्लता उतरते आणि तेच विष प्रखर होते. प्रवास जितका लांबला तितका हा साठा अधिक. बंद पिशवी पेटीतल्या पाण्यावर थोडा वेळ तरंगत ठेवून दोन्हींचे तापमान जुळवावे, हे ठीकच. पण उघडी पिशवी तासभर ठेवून देणारा हौशी माणूस माशावर दया करीत नसतो. मेलेल्या माशाची भरपाई बहुतेक विक्रेते देतात, ती न उघडलेल्या पिशवीचे चित्रण ठराविक वेळेत पाठविले तर. तिसऱ्या दिवशी मेलेला मासा कोणाच्याच हिशेबात येत नाही.

दुकानदार काही संत नव्हे. त्याचा मालही पुष्कळदा तशाच पिशव्यांतून आलेला असतो. फरक इतकाच, की प्रवासानंतरच्या पहिल्या दिवसांतले मृत्यू त्याच्या खाती पडलेले असतात आणि उरलेला मासा ग्राहकाच्या डोळ्यांसमोर पोहत असतो. त्याचे पर मिटलेले आहेत काय, अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके आहेत काय, तो पृष्ठभागी येऊन धापा टाकतो काय, हे पाहता येते. ‘जरा खाऊ घालून दाखवा’ असे म्हणता येते. पडद्यावरील छायाचित्रातला मासा नेहमीच निरोगी असतो.

गाळणी, दिवे, औषधे, खाद्य मात्र खुशाल ऑनलाइन मागवावे. त्यांना श्वास घ्यावयाचा नसतो, आणि लहान दुकानात ते मिळतातच असे नाही.

शिवाय मासा दुकानातूनच आणला पाहिजे असेही नाही. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आरोग्य विभाग महाराष्ट्रात गावोगावच्या साचलेल्या पाण्यात सोडत आला आहे, आणि ठिकठिकाणी हौदांत त्यांची पैदासही होते. आरोग्य केंद्रात विचारणा केल्यास चारसहा गप्पी मिळणे अवघड नसावे. गप्पीची मादी अंडी घालीत नाही, पिलांनाच जन्म देते, आणि तेही सुमारे चार आठवड्यांनी. विज्ञानाच्या तासाला याहून सोयीचा मासा शोधून सापडणार नाही.

तथापि गप्पीदेखील परदेशीच. पेटी मोडावयाची झाली तर तिच्यातले जीव ओढ्यात सोडण्याचा विचार कोणी करू नये. शेवाळ खातो म्हणून दुकानात विकला जाणारा सकर मासा फुटाहून मोठा होतो. पेटीत मावेनासा झाला की लोक त्याला पाण्यात सोडून देतात, आणि देशातील अनेक जलाशयांत तो असाच पसरला आहे. जव्हार-मोखाड्याच्या ओढ्यांत पहिल्या पावसाबरोबर मासा प्रवाहाविरुद्ध चढतो. त्या वलगणीवर आदिवासी घरांची पावसाळ्यातली कालवणे शिजतात.

वर्गासाठी पेटी घ्यावयाचीच असेल तर जूनमध्ये शाळा उघडताच ती पाणी भरून चालू करावी आणि माशांच्या खाद्याची चिमूट अधूनमधून टाकीत राहावे. अमोनिया पचविणारे सूक्ष्मजीव रुजावयास महिना-दीड महिना लागतो. तोवर काचेआड नुसते पाणी दिसेल, आणि मुले रोज विचारतील, मासे केव्हा येणार?