नाव सांगा, पत्ता कशाला?

आमच्या बचत गटाच्या बायका आता प्रदर्शनाला, प्रशिक्षणाला परगावी जाऊ लागल्यात. मला त्याचं भारी कौतुक! पण तिकिटं काढायची म्हटली की फर्मान सुटतं, 'सगळ्यांनी आधारचे फोटो ग्रुपवर टाका.' झालं! चाळीस जणींचे पत्ते, जन्मतारखा चाळीस मोबाइलवर. त्यातली एक मारहाणीला कंटाळून नवऱ्यापासून वेगळी राहते. तिचा नवा पत्ता असा फिरला तर?

खरं तर रेल्वेच्या साध्या आरक्षणाला प्रवाशाचं नाव, वय, स्त्री की पुरुष एवढं पुरतं. ओळखपत्र प्रवासात स्वतःजवळ ठेवायचं. मुक्कामाच्या ठिकाणी प्रत मागतातच. तिथे 'मास्क्ड आधार' द्यावं. त्यात १२ पैकी पहिले ८ आकडे झाकलेले असतात. पत्ता मात्र दिसतो, म्हणून तेही ग्रुपवर नकोच. प्रतीवर कारण आणि तारीख लिहावी. माहिती एकीनेच, प्रत्येकीकडून वेगवेगळी घ्यावी आणि काम झालं की पुसून टाकावी. ओटीपी कुणालाच सांगू नये. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा.

मैत्रिणींनो, गावाला निघताना आपण कुलूप दोनदा ओढून बघतो ना? मग माहितीलाही तेवढंच जपू या.