भग्नमनस्क पात्राचा शेवट : सावरणे की पडद्याआड जाणे?

मन कोसळलेल्या पात्राचे पुढे काय करावे, हा प्रश्न नाटककाराला टाळता येत नाही. या दृष्टीने शेक्सपिअरच्या दोन शोकात्मिका शेजारी ठेवून पाहा. 'हॅम्लेट'मधील ऑफेलिया चौथ्या अंकात भ्रमिष्ट होते आणि त्याच अंकात बुडून मरते. तिचा मृत्यू रंगमंचावर घडत नाही. तो राणीच्या निवेदनातून कळतो. त्यातून तिच्या भावाचा सूड पेटतो, पण तिचे स्वतःचे म्हणणे अपुरेच राहते. 'किंग लिअर'मधील वृद्ध राजा मात्र भानावर येतो, कॉर्डेलियाला ओळखतो व तिची क्षमा मागतो. म्हणूनच पुढे तिचा मृतदेह हाती घेऊन त्याने केलेला आक्रोश अधिक असह्य होतो.

नेहम टेट याने १६८१ साली केलेल्या रूपांतरात लिअर जिवंत राहतो, त्याचे राज्यही त्याला परत मिळते. हे रूपांतर इंग्लिश रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षे टिकले. प्रेक्षकांना दिलासा मिळाला. परंतु लिअरच्या चुकीची किंमत पुसली गेली.

यावरून एक निकष हाती येतो. पात्र जगले की मेले, यापेक्षा त्याला आपल्या दुःखाचा अर्थ उमगण्यास अवसर मिळाला का, हे तपासावे. हाच निकष 'नटसम्राट' (१९७०) मधील अप्पासाहेब बेलवलकरांना लावून पाहा आणि आपले मत सकारण लिहा.