उतरता पावसाळा आणि सचिनची चिंता

दरवर्षी श्रावण उतरणीला लागला की सचिनमध्ये एका विषयाची चर्चा हटकून सुरू होते. स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर, कारखान्याच्या फाटकाशी पाळी बदलताना, गणपतीच्या मांडवाची तयारी करण्यासाठी जमलेल्या मंडळींत, सर्वत्र तेच तीन प्रश्न ऐकू येतात. राहिलेला पाऊस पडणार की दडी मारणार? ओढ फार लांबली तर दुष्काळाची वेळ येणार काय? आणि समुद्रात एखादे वादळ उठून ते आपल्या बाजूला वळणार काय? या चर्चेत कोणाला पंचांगातली नक्षत्रे तोंडपाठ असतात, कोणी वेधशाळेचे पत्रक रोज न चुकता वाचतो, तर कोणी तरुण उपग्रहाची चित्रे उलगडून दाखवतो. शहाणीसुरती माणसे या मंडळींना रिकामटेकडी ठरवून मोकळी होतात. आम्हांला तसे वाटत नाही. सचिनसारख्या गावी पावसाची चर्चा हा पोटाचा आणि जिवाचा विषय आहे. मात्र ही चर्चा ज्या दिशेने जाते ती थोडी बदलली पाहिजे, असे आमचे मत असून तेवढे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

सचिन हे नाव कोकणातल्या वाचकांना अगदीच परके नसावे. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका शाखेने १७९१ मध्ये पेशव्यांशी झालेल्या करारान्वये जंजिऱ्यावरील आपला हक्क सोडला आणि त्याच्या मोबदल्यात सुरतेच्या दक्षिणेचा हा मुलूख पदरात पाडून घेतला. १९४८ मध्ये ते छोटे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. नवाबाचे ते गाव आता कापड विणणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारखान्यांचे गाव झाले आहे, आणि २०२० पासून ते सुरत महापालिकेच्या हद्दीत मोडते. येथील व आसपासच्या पांडेसरा, उधना, लिंबायत या भागांतील कामगारांत खानदेशातून आलेल्या मराठी माणसांची संख्या फार मोठी आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतीने पाठ फिरवली म्हणून ज्यांनी सुरतेची वाट धरली, त्यांची ही दुसरी-तिसरी पिढी. ती वाट म्हणजे सुरत-भुसावळ लोहमार्ग, आणि तो मार्ग तापीच्या खोऱ्यातून जातो. ज्या खोऱ्यातून माणसे आली, त्याच खोऱ्यातून पाणीही येते. सचिनच्या चर्चेचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे.

प्रथम या हौशी मंडळींच्या परंपरेविषयी दोन शब्द. गुजरातेत भडलीची वाक्ये आणि महाराष्ट्रात सहदेव-भाडळीचे आडाखे अनेक पिढ्यांपासून शेतकऱ्याच्या ओठांवर आहेत. आपल्याकडे पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा. हस्ताच्या पावसाला आपण हत्तीचा पाऊस म्हणतो, तर गुजराती शेतकरी त्यालाच हाथियो म्हणतो. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. घटात ठेवलेली मातीची चार ढेकळे पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून मांडली जातात व दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांवरून वर्षाचे भाकीत सांगितले जाते. जुनागढच्या कृषी विद्यापीठात तर देशी पद्धतीने आडाखे बांधणाऱ्यांचा मेळावा पावसाळ्याच्या तोंडावर भरत आला आहे. वारा, आभाळाचा रंग, झाडांचा बहर आणि पक्ष्यांची घरटी यांवर डोळस नजर ठेवण्याची सवय या परंपरेने लावली, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु वैशाखात मांडलेल्या घटावरून भाद्रपदातल्या एखाद्या रात्री नदीला किती पाणी येईल हे कळत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवे.

शास्त्राची वाटही काही सरळसोट नव्हती. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. हिमालयातील बर्फावरून मोसमी पावसाचा अंदाज बांधण्याचा उपक्रम ब्लॅनफर्ड यांनी १८८६ मध्ये केला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी दूरच्या प्रशांत महासागरावरील हवेच्या दाबाचा आपल्या पावसाशी संबंध जोडून दाखवला. आज ज्याला एल निनो म्हणतात त्या प्रशांत महासागराच्या तापण्याने आपला पाऊस अनेकदा रोडावतो, हे त्यानंतरच्या संशोधनाने स्पष्ट केले. तरी त्यालाही अपवाद आहेत. १९९७ साली एल निनो प्रबळ असूनही देशात पाऊस सर्वसाधारण झाला. हवामान खाते जुलैअखेरीस ऑगस्ट-सप्टेंबरचा अंदाज देते, तोही शक्यतेच्या भाषेत. शक्यता म्हणजे हमी नव्हे, हे जाणूनच तो वाचावयाचा असतो.

आणि हे दोन महिने मोठे लहरी असतात. एरवी उत्तर भारतावर आडवा पसरलेला कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की मध्य भारतात व गुजरातेत पावसाला खंड पडतो. तोच पट्टा खाली उतरला आणि बंगालच्या उपसागरात निर्माण झालेले कमी दाबाचे क्षेत्र त्याच्या आधाराने पश्चिमेकडे चालत आले, की सातपुड्यापासून खंबायतच्या आखातापर्यंत दोन-तीन दिवसांत धो-धो पाऊस कोसळतो. २०२३ चेच उदाहरण घ्या. १९०१ पासून नोंदल्या गेलेल्या ऑगस्ट महिन्यांत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट त्या वर्षीचा ठरला. पिके माना टाकू लागली, दुष्काळाची भाषा सुरू झाली. आणि सप्टेंबरच्या मध्यास नर्मदेच्या खोऱ्यात इतके पाणी लोटले की सरदार सरोवरातून सोडलेल्या प्रवाहाने १७ सप्टेंबरच्या सुमारास भरूच आणि अंकलेश्वरचे सखल भाग बुडाले. दुष्काळाची चिंता आणि महापूर यांत महिन्याचेही अंतर राहिले नाही.

सचिनच्या माणसाची कोंडी येथेच आहे. त्याचा भाऊ शिरपूर-शिंदखेड्याकडे कापूस आणि ज्वारी लावून आभाळाकडे डोळे लावतो. १९७२ चा दुष्काळ त्या घराने पाहिलेला असतो; संवत १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या छप्पन्याच्या दुष्काळाच्या कथा गुजरातेतल्या घरांत अजून सांगितल्या जातात. तेव्हा गावाकडे पाऊस पडावा, ही त्याची मनापासूनची इच्छा. पण गावाकडे पडलेला तोच पाऊस अतिरेकाला गेला तर चार दिवसांनी सुरतेच्या उंबरठ्याशी येऊन उभा राहतो. तापीचे खोरे सुमारे पासष्ट हजार चौरस किलोमीटरचे. त्याचा जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात असून गुजरातच्या वाट्याला फारच थोडा येतो. ज्या भेंडवळात घट मांडला जातो तेथले पाणीदेखील पूर्णा नदीने चांगदेवला तापीस मिळते. भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की ते पाणी उकाईच्या वाटेला लागते. म्हणून आपल्या डोक्यावरचे आभाळ निरभ्र आहे एवढ्यावर सुरतकराने निश्चिंत झोपू नये.

ऑगस्ट २००६ मध्ये हाच धडा मिळाला. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, उकाईच्या जलाशयात पाण्याचा लोंढा आला आणि धरणातून सुमारे नऊ लाख क्यूसेकपर्यंत पाणी सोडावे लागले. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे अठ्ठावीस लिटर. यावरून त्या लोंढ्याची कल्पना यावी. सुरत शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. लोक दिवसचे दिवस माड्यांवर आणि गच्च्यांवर अडकून पडले. १९६८ च्या महापुरानंतर आणि १९७२ मध्ये उकाई उभे राहिल्यावर अशा पुराचे भय संपले असे ज्यांना वाटत होते, त्यांचा तो समज वाहून गेला. धरण आधीच पुरेसे रिकामे करावयास हवे होते की नाही, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. त्या वादात येथे न शिरता आम्ही त्यामागच्या मूळ प्रश्नाकडे लक्ष वेधू इच्छितो.

धरण हे दोन परस्परविरोधी कामांसाठी बांधलेले असते. उन्हाळ्यासाठी पाणी साठवायचे तर ते भरलेले हवे. पूर थोपवायचा तर त्यात जागा रिकामी हवी. ऑगस्टमध्ये जो अधिकारी पाणी किती ठेवावे याचा निर्णय घेतो, तो वस्तुतः पुढच्या सहा आठवड्यांच्या पावसावर पैज लावत असतो. पाणी सोडले आणि पाऊस आलाच नाही, तर उकाई-काकरापार कालव्यांवरचा ऊस आणि भात वाळतो, कारखाने व नळ कोरडे पडतात, आणि त्याला शिव्या खाव्या लागतात. पाणी राखले आणि वरून लोंढा आला, तर खालचे शहर बुडते. पैज टाळता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु तिच्यात पणाला लागलेला माणूस खाली राहतो. त्याला निदान ती पैज कोणत्या आकड्यांवर लावली जात आहे हे वेळेवर आणि त्याच्या भाषेत कळावयास नको काय?

सचिनचे स्वतःचे पाणीही विसरून चालणार नाही. गावाच्या परिसरातून मिंढोळा नदी समुद्राकडे जाते, आणि सुरतेच्या दक्षिण-पूर्व भागात खाड्यांचे जाळे आहे. समुद्राला मोठी भरती असेल त्या वेळी मुसळधार पाऊस झाला की या खाड्यांचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे वस्तीत शिरते. धरणातून थेंबही सोडलेला नसताना जून २०२५ मध्ये शहरात असाच खाडीपूर आला. या ठिकाणी दोष केवळ आभाळाचा नसतो. खाडीच्या काठावरची बांधकामे, गाळाने भरलेली पात्रे, नाल्यात टाकलेला चिंध्यांचा व कारखान्यांचा कचरा यांचा त्यात वाटा असतो, आणि तो कमी करणे पूर्णपणे माणसाच्या हाती आहे.

राहिला प्रश्न वादळाचा. अरबी समुद्रातली चक्रीवादळे बहुधा मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होतात. भर पावसाळ्यात खालच्या आणि वरच्या थरांतले वारे परस्परविरुद्ध दिशांना जोराने वाहत असल्याने वादळाचा मनोरा उभाच राहू शकत नाही. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ होणे तर दुर्मिळच. १८९१ पासूनच्या नोंदींत १९४४, १९६४ आणि १९७६ ही तीनच वर्षे सापडत होती. ३० ऑगस्ट २०२४ रोजी ‘असना’ने चौथे वर्ष जोडले. तेही उलट्या वाटेने: गुजरातच्या भूमीवर पाऊस पाडणारे कमी दाबाचे क्षेत्र कच्छवरून समुद्रात उतरले आणि तेथे त्याचे वादळ झाले. तेव्हा श्रावण-भाद्रपदात सचिनच्या माणसाने वादळाच्या वार्तेपेक्षा खोऱ्यातल्या पावसाची वार्ता अधिक जपावी, आणि वादळाकडे दसऱ्यानंतर पुन्हा डोळे लावावेत, हे उत्तम.

याचा अर्थ वादळाचा इशारा थट्टेवारी न्यावा असा मुळीच नाही. डिसेंबर २०१७ मधले ओखी वादळ सुरतेजवळ किनाऱ्यावर येणार म्हणून धावपळ झाली. प्रत्यक्षात ते समुद्रातच क्षीण झाले आणि येथे थोडा पाऊस व गारवा तेवढा आला. ‘कुठे गेले तुमचे वादळ?’ असे म्हणून पुष्कळांनी हसून घेतले. पण त्याच वादळाने काही दिवसांपूर्वी कन्याकुमारी आणि केरळच्या किनाऱ्यावरचे शेकडो मच्छीमार गिळले होते, कारण इशारा मिळण्यापूर्वीच त्यांच्या होड्या खोल समुद्रात गेल्या होत्या. फुकट गेलेला इशारा आणि उशिरा मिळालेला इशारा यांपैकी एक निवडावयाचा झाल्यास कोळ्याची बायको कोणता निवडील, हे सांगण्याची गरज नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईपासून दूर समुद्रात तराफा बुडून कित्येक कामगार प्राणास मुकले, तेव्हा इशारा मिळालेला होता. तो पाळला गेला नाही, ही शोकांतिका होती.

आता आमचे म्हणणे थोडक्यात मांडतो. ‘पाऊस येणार काय?’ या प्रश्नाशी आमच्या हौशी मंडळींनी थांबू नये. ‘आला तर आपण काय करायचे?’ हा प्रश्न त्यांनी त्याच चर्चेत घ्यावा. उकाईची पातळी, हतनूरचा विसर्ग आणि वरच्या खोऱ्यातला पाऊस यांचे आकडे शासन प्रसिद्ध करते. ते गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी आणि ओडिया भाषांत प्रत्येक मजूर वस्तीच्या फलकावर रोज लागावेत. पर्जन्यमापक ही काही महागडी वस्तू नाही. ज्यांना आभाळाची हौस आहे त्यांनी शाळाशाळांतून तो बसवावा आणि मुलांना नोंदी ठेवावयास शिकवावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हा हिशेब मुलाला एकदा समजला की तो आयुष्यभर आभाळाकडे अधिक जाणतेपणाने पाहील. तांबडा इशारा असेल त्या दिवशी रात्रपाळीचे काय करायचे, हे कारखानदारांनी आणि कामगार संघटनांनी पावसाळ्यापूर्वीच ठरवावे. पाणी घोट्याला लागल्यावर ठरविण्याची ती बाब नव्हे. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मांडव कोठे घालायचा हे ठरविताना खाडीचा काठ वगळावा, एवढी साधी काळजी घेतली तरी पुष्कळ काही साधेल.

भडलीपासून उपग्रहापर्यंत सर्वांनी आपापल्या परीने आभाळ वाचण्याचा यत्न केला, आणि त्यांतील कोणालाही ते पूर्ण वाचता आलेले नाही. यापुढेही येणार नाही. म्हणूनच हस्ताचा हत्ती गर्जत असताना खानदेशातला भाऊ आनंदात असेल आणि सचिनमधला भाऊ घरातले धान्य व कागदपत्रे वरच्या फळीवर ठेवीत असेल, तर दोघेही शहाणे समजावेत. त्या दोघांत रोज एकदा बोलणे व्हावे आणि त्यात पहिला प्रश्न हतनूरचे किती दरवाजे उघडले हा असावा, इतकेच आमचे मागणे आहे.