काढा नेमका किती वेळ उकळला?

सांधे धरले म्हणून काढा घेतला आणि रुग्ण थेट अतिदक्षता विभागात, अशी बातमी हाँगकाँगहून अधूनमधून येतच असते. मुळीही बहुतेक वेळा ठरलेली: फुझी, छ्वानवू नाहीतर त्साओवू. तिन्ही आपल्या बचनागाच्या भावकीतल्या.

सिच्वान प्रांतातल्या जियांगयोऊची फुझी चीनभर नावाजलेली. तिच्यातले अ‍ॅकोनिटीन मात्र दोन मिलिग्रॅमच्या आसपास पोटात गेले तरी जीव जाऊ शकतो. नसांच्या आणि हृदयाच्या पेशींतली सोडियमची दारे ते उघडीच ठेवते. आधी ओठ, जीभ बधिर होतात, हातापायांना मुंग्या येतात, मग उलट्या आणि ठोक्यांचा ताल सुटतो. यावर खास उतारा नाही.

तरीही हे औषध आहे, ते चुलीच्या जिवावर. पाण्यात भरपूर वेळ उकळले की अ‍ॅकोनिटीन फुटते आणि उरतात ती द्रव्ये शेकडो पटींनी सौम्य असतात. म्हणून चिनी औषधसंहिता फुझीची मात्रा 3 ते 15 ग्रॅम सांगते आणि ती बाकी वनस्पतींच्या आधी, वेगळी उकळायला लावते.

हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतले थॉमस चॅन यांनी अशा विषबाधांवर वर्षानुवर्षे लिहिले आहे. मुळी नीट शुद्ध केलेली नाही, मात्रा जास्त झाली, उकळणे कमी पडले, दुकानदाराने भलतीच पुडी बांधली: कारणे फिरून फिरून तीच. सर्वांत वाईट म्हणजे दारूत मुरवलेली मुळी. दारूत विष झकास उतरते आणि तिथे उकळण्याचा प्रश्नच येत नाही. युन्नानमध्ये तर ही मुळी मांसाबरोबर शिजवून खातात. कच्ची राहिली की पंगतच रुग्णालयात. हजारो वर्षांची परंपरा म्हणे! परंपरेने शिजवायलाही सांगितले होते, तेवढे मात्र सोयीस्कर विसरले जाते.

आपल्याकडेही बचनाग, म्हणजे वत्सनाभ, तीन दिवस गोमूत्रात भिजवून किंवा दुधात शिजवून शुद्ध करतात. सांधेदुखीवरच्या महाविषगर्भ तेलात तो असतो, तापावरच्या त्रिभुवनकीर्तीतही. औषध नियमांच्या परिशिष्ट ई(1)मध्ये त्याची विषारी द्रव्यांत नोंद आहे. त्यामुळे पोटात घ्यायच्या अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापणे बंधनकारक आहे. घरातल्या डबीवर तो आहे का, आजच पाहा. आणि कुणी सुटी मुळी पुडीत बांधून दिली, तर घेऊच नका.