मळीचा उतारा

गेल्या आठवड्यात जुन्या गाडीचे प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडलं आणि या खेपेला चावी फिरवू असं म्हटलं होतं. ते आज होणार नाही. मध्येच कऱ्हाडकडच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्याला बगल देऊन पुढे जाणं बरं नाही. वडिलांची पद्मिनी मोटार 1998 पासून शेडमध्ये उभी आहे, टाकीत निम्म्याला पेट्रोल आहे. त्यावरच पाच-दहा लिटर ताजं ओतून गाडी चालू केली तर काय बिघडेल, असं ते विचारतात.

बरंच काही बिघडेल. पेट्रोलमधला जो हलका भाग थंड इंजिनाला चटकन पेट घ्यायला लावतो, तो कधीच उडून गेलेला असतो. राहिलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ बनते. झाकण उघडून वास घ्या, पेट्रोलचा नाही, जुन्या वार्निशचा येईल. ही राळ तळाशी आणि नळ्यांत बसून आहे तोवर निरुपद्रवी. पण आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते राळ सोडवण्यात पटाईत. सुटलेली राळ, तिच्यात अडकलेला गंज, सगळं पंपातून कार्ब्युरेटरकडे निघतं आणि जेटच्या बारीकशा भोकात जाऊन बसतं. गाडी पाच मिनिटं चालते, मालक पेढे वाटतो आणि कोपऱ्यावर ती बंद पडते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. शिसं घातलेलं पेट्रोल देशभर बंद झालं ते 1 फेब्रुवारी 2000 पासून. म्हणजे 1998 च्या टाकीत शिसं असण्याची दाट शक्यता. ते कातडीतूनही अंगात शिरतं. आपल्याकडे नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायची जी रीत आहे, ती इथे साफ विसरा. हातमोजे घालून, उघड्यावर, टाकीखालचा बोल्ट सैल करून ते डब्यात उतरवा. आधी पाणी येईल, मग चहाच्या रंगाचं पेट्रोल, आणि शेवटी काकवीसारखा गाळ. गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. डबा घट्ट बंद करून, वर नाव लिहून, घातक कचरा घेणाऱ्यांच्या हवाली करा.

पाणी आलं कुठून? टाकी श्वास घेते. दिवसा तापते, रात्री निवते, आणि प्रत्येक वेळी झाकणाच्या भोकातून थोडी दमट हवा आत ओढते. पावसाळ्यात तर विचारूच नका. पत्र्यावर धरलेलं दव पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाला जातं आणि तिथून पत्रा खायला लागतं. पेट्रोलच्या पातळीच्या वरची उघडी बाजूही गंजतेच. टाकी निम्मी ठेवण्याचा हा दुहेरी तोटा.

टाकी गाडीवरून उतरवल्यावर पहिला मोह होतो तो वेल्डरकडे नेण्याचा. थांबा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा भयंकर. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली की ठिणगीला तेवढं पुरतं आणि रिकाम्या टाकीत नेमका तोच मेळ जमतो. गंज काढायला जुने मिस्त्री आत नट-बोल्ट किंवा साखळी टाकून टाकी घुसळतात. सुटा गंज त्याने निघतो, कोपऱ्यातला नाही. तीव्र ॲसिडने तोही निघतो, पण त्यासोबत चांगला पत्राही जातो.

माझा लाडका उपाय मळीचा, म्हणजे साखर करताना उरणाऱ्या दाट पाकाचा. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आणि दोन-तीन आठवड्यांचा धीर. मळीतले घटक गंजाचं लोखंड धरून सोडवतात, निरोगी पोलादाला जवळजवळ हात लावत नाहीत. ऊन असेल तर काम लवकर होतं. जगभरचे जुन्या गाड्यांचे वेडे हे करतात, पण आपल्याकडे त्याला एक वेगळी शोभा आहे. कुर्ल्याला पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 साली वालचंद हिराचंदांनी काढली, आणि रावळगाव आणि कळंबची (आजचं वालचंदनगर) साखरही त्यांचीच. एका घराण्याच्या मोटारीचा गंज त्याच घराण्याच्या दुसऱ्या धंद्याच्या टाकाऊ मालाने काढायचा, याहून घरचा उतारा कोणता? त्याच मळीपासून आज इथेनॉल होतं आणि पेट्रोल पंपावर आपल्यालाच छळतं, तो भाग वेगळा.

कारखान्यात बॅरल घेऊन जाऊ नका. तिथली मळी उत्पादन शुल्क खात्याच्या देखरेखीखाली असते. पशुखाद्याच्या दुकानात विचारा, एका टाकीला चारेक लिटर पुरते. पेट्रोलच्या काट्याचा फ्लोट आधी काढून ठेवा, भोकं बुचं लावून बंद करा आणि टाकी काठोकाठ भरा. वरचं तोंड मात्र घट्ट लावू नका. मिश्रण आंबतं, फेस येतो, वायू धरतो. त्यावर फडकं बांधा. आंबलेला वास गल्लीभर जातो आणि मुंग्यांना पत्ता कुणी सांगावा लागत नाही, म्हणून टाकी घरापासून लांब ठेवा. ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग या पाण्यात बुडवू नका, मळी ते खाते. कार्ब्युरेटर तर नकोच नको.

ओतून टाकल्यावर पाण्याचे तीन-चार हात मारा. स्वच्छ झालेला पत्रा राखाडी दिसेल आणि बघता बघता नारिंगी व्हायला लागेल, इतका तो उघडा असतो. लगेच गरम हवेने सुकवा आणि आत थोडं तेल फिरवून ठेवा. बाजारात टाकीच्या आतून लावायचं अस्तर मिळतं. मी ते लावायला सांगत नाही. त्याच्याखाली गंजाचा कण राहिला की सालपटं सुटतात आणि मग टाकी कापण्याखेरीज इलाज उरत नाही.

टाकी मळीत आहे तोवर इंजिन अडायचं कारण नाही. बॉनेटपासून दूर, उंचावर टांगलेली लिटरभराची बाटली, त्यातून कार्ब्युरेटरपर्यंत नवी नळी, हाताशी अग्निशामक. पंप आणि त्यातला कडक झालेला पडदा पुढे केव्हातरी. पुढच्या आठवड्यात या बाटलीवरच इंजिन चालू करू.